गाडी रात्री कुठे झोपते?

आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फॉर्मवर पत्त्याच्या दोन चौकटी असतात. एक कायमचा पत्ता, दुसरा सध्याचा. चाळीस वर्षांपूर्वी मिरजेहून अमेरिकेत आले तेव्हा हे दोन्ही पत्ते मला तोंडपाठ होते. गाडीलाही स्वतःचा एक पत्ता असतो आणि तो आपल्या दोन्ही पत्त्यांहून वेगळा असू शकतो, हे मात्र मला कळलं अडुसष्टाव्या वर्षी, फ्लोरिडातल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये.

आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आधीच निवृत्त झाले होते, २०२२च्या अखेरीला नवराही झाला. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना दोघांच्या कमरा बोलायला लागल्या होत्या. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात सारासोटाजवळ एक छोटा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घेतला. समुद्रकाठी नाही, तिथले भाव ऐकूनच आम्ही माघारी फिरलो. आय-७५ महामार्गाच्या पूर्वेला, एका तळ्याकाठी. तळ्यात ॲलिगेटर आहे हे घर घेतल्यावर कळलं, पण त्याचा विम्याशी संबंध नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडं आणि उरलेलं वर्ष इकडं, असं आमचं ठरलं. अशा लोकांना इथं स्नोबर्ड म्हणतात. आमच्या भजनाच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींनी त्याचं लगेच 'हिवाळी पाखरं' केलं.

पहिल्या वर्षी गाडी चालवत गेलो. साडेअकराशे मैल, वाटेत दोन मुक्काम. डिकीत कुकर, पुरणयंत्र, दहा पौंड कोलम तांदूळ आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली नवऱ्याची हार्मोनियम. निघण्याआधी टायर तपासले, तेल बदललं, टपाल मुलीच्या घरी वळवलं. विम्याचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. मी एकदा विचारलं तर नवरा म्हणाला, "अगं, पॉलिसी अख्ख्या अमेरिकेत चालते." तो पूर्ण चूक नव्हता. घोळ तिथंच झाला.

१२ मार्च २०२४. भाजी घेऊन बाहेर पडलो होतो, गाडी चालू करून थांबलो होतो, आणि शेजारच्या रांगेतला एक पिकअप ट्रक मागं येत येत थेट आमच्या दारावर आला. चूक सरळ त्याची. तो तरुण मुलगा बिचारा इतक्यांदा सॉरी म्हणाला की मीच त्याला पाणी दिलं. पोलीस आले, कागद झाले, दार चेपलं होतं तरी गाडी चालत होती. नवऱ्याची मान मात्र संध्याकाळपर्यंत आखडली. "काही नाही, बाम लावतो" हे ठरलेलं उत्तर आलं.

आमच्या समोरच्या दारात मिशिगनचे एक आजोबा राहतात, तेही सहा महिन्यांचे पाहुणे, पण गेली अठरा वर्षं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाम नको, डॉक्टर. फ्लोरिडात अपघातानंतर चौदा दिवसांत डॉक्टरकडे गेला नाहीत तर विम्यातून उपचाराचा एक सेंट मिळत नाही." मी हबकले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या काउंटरवर मी ऐटीत दोघांची मेडिकेअरची, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याची, कार्डं पुढं केली. त्या मुलीनं विचारलं, "हा गाडीचा अपघात आहे का?" हो म्हटल्यावर तिनं कार्डं परत सरकवली. गाडीचा अपघात असला तर आधी गाडीचा विमा, मेडिकेअर त्याच्या मागे. देशभर हाच नियम आहे, आणि पासष्टी ओलांडलेल्या आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना तो माहीत नाही, हे मी नंतर विचारून पाहिलं आहे.

म्हणून आमच्या न्यू जर्सीच्या विमा कंपनीला फोन केला. इथून पुढं जे झालं त्यात अपघात करणाऱ्या मुलाचा काहीच हात नाही.

न्यू जर्सी आणि फ्लोरिडा ही दोन्ही 'नो-फॉल्ट' राज्यं आहेत. म्हणजे चूक कुणाचीही असो, आपल्या शरीराच्या उपचाराचा खर्च आधी आपल्याच पॉलिसीतून होतो. पॉलिसीच्या त्या भागाला पीआयपी (पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन) म्हणतात. नाव दोन्हीकडे एक, पण वस्तू वेगळी. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसी घेतली तर पीआयपी अडीच लाख डॉलरपर्यंत जाते. फ्लोरिडात ती दहा हजार, त्यातही वैद्यकीय खर्चाचे ऐंशी टक्के. चौदा दिवसांचा नियम फ्लोरिडाच्या पीआयपीचा. आमची पीआयपी न्यू जर्सीची, त्यामुळे तो नियम आम्हाला लागूच नव्हता. आजोबांच्या धाकानं नवरा वेळेत डॉक्टरकडे गेला एवढाच त्याचा फायदा.

फोनवरच्या बाईंनी पॉलिसीचं पहिलं पान उघडलं. डिक्लेरेशन पेज. कोण, कोणती गाडी, किती कव्हर, सगळं त्या एका पानावर असतं. दर वर्षी ते घरी येतं आणि दर वर्षी मी ते फाइलला लावते, वाचत नाही. त्यावर लिहिलं होतं की अपघातात आमचा आरोग्य विमा आधी पैसे देईल आणि पीआयपी नंतर. नोकरीत असताना कधीतरी हा पर्याय निवडला होता, कारण हप्ता थोडा कमी बसत होता. तेव्हा नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्य विमा होता. जानेवारी २०२३पासून आम्ही मेडिकेअरवर गेलो, आणि न्यू जर्सीत मेडिकेअरवाल्याला हा पर्याय घेताच येत नाही. सव्वा वर्ष आम्ही चुकीच्या चौकटीत खूण असलेली पॉलिसी घेऊन फिरत होतो. पीआयपीनं पैसे दिले, पण या चुकीपायी एक जादा कपात, म्हणजे विम्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, आमच्या माथी आली. रक्कम मोठी नव्हती, पण चूक आमची होती, म्हणून जास्त लागली.

मग बाईंनी अगदी सहज विचारलं, "गाडी फ्लोरिडात कधीपासून आहे?"

मीही तितक्याच सहज सांगितलं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून.

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. बराच वेळ.

तीन आठवड्यांनी एडिसनच्या पत्त्यावर पत्र आलं, मुलीनं फोटो काढून पाठवलं. क्लेम मंजूर झाल्याचं नव्हे. पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या विभागाकडून एक प्रश्नावली. गाडी वर्षातले किती महिने कोणत्या पत्त्यावर असते? रात्री ती कुठे उभी असते, गॅरेजमध्ये, उघड्यावर की रस्त्यावर? वर्षाला किती मैल चालते? दोन्ही राज्यांतल्या घरांची मालकी कुणाची? खाली सही, आणि सहीच्या वर एक ओळ की खोटी माहिती देणं हा न्यू जर्सीत विमा घोटाळा ठरतो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एजंटशी नीट, तासभर बोलले. एडिसनमधले गुजराती गृहस्थ, वीस वर्षांचे ओळखीचे. दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतात. "बेन, कंपनीला तुम्ही कुठे राहता यात रस नाही," ते म्हणाले. "गाडी रात्री कुठे झोपते ते सांगा." हप्ता गाडीच्या निजायच्या जागेवर ठरतो. त्या भागात चोऱ्या किती, अपघात किती, वकील किती, वादळं किती, हे सगळं त्या पिन कोडात, इथल्या भाषेत झिप कोडात, असतं. आमच्या पॉलिसीत दुसऱ्या राज्यातल्या प्रवासासाठीचं कलम होतं, तिथल्या कायद्याला जेवढं कमीत कमी कव्हर लागतं तेवढं आपली पॉलिसी आपोआप वाढून देते असं सांगणारं. नवरा जे म्हणाला होता ते हेच. पण ते प्रवाशासाठी आहे. चार-पाच महिने एका जागी मुक्काम ठोकलेली गाडी प्रवासात धरायची का, हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या लोकांना फोनवर विचारला. तिघंही "चालेल बहुतेक" म्हणाले. लेखी द्या म्हटलं की फोनवरचा आवाज बदलतो.

आणि त्यातच आजोबांनी दुसरा बॉम्ब टाकला. फ्लोरिडाचा कायदा सांगतो की बाहेरच्या राज्यातली नोंदणी असली तरी गाडी गेल्या ३६५ दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त फ्लोरिडात असेल, तर तिला फ्लोरिडाच्या नियमाप्रमाणे पीआयपी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर ठेवावंच लागतं. ते नव्वद दिवस सलग असायची गरज नाही. मी बोटांवर मोजलं. अपघाताच्या दिवशी आमच्या गाडीचे सव्वाशेच्या आसपास दिवस झाले होते.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते आमच्या गाडीला तंतोतंत लागू पडत होतं. एका राज्याच्या दृष्टीनं ती जास्त दिवस बाहेर होती, दुसऱ्याच्या दृष्टीनं जास्त दिवस आत.

प्रश्नावली काय भरायची यावर घरात दोन दिवस वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, "तीन महिने लिही, कोण मोजतंय?" माझं म्हणणं, क्लेमच्या फोनमध्ये मी आधीच नोव्हेंबर म्हणून बसले आहे, आणि ते फोन रेकॉर्ड होतात. खरं सांगायचं तर रेकॉर्ड होत नसते तरी मी खोटं लिहिलं नसतं, पण त्याला पटणारं कारण रेकॉर्डिंगचंच होतं. तारखांसकट खरं भरलं. एझी-पासच्या टोलच्या नोंदी, कॉन्डोचं विजेचं बिल, फोनची जागा, हल्ली कुठला पुरावा नसतो? खोटं उघडं पडायची वेळ आली असती तर छोट्या दाराचा नव्हे, मोठ्या अपघाताचा क्लेम अडकला असता, आणि तोही आम्ही इस्पितळात असताना.

उत्तर आलं ते तसं सभ्य होतं. गाडीचं मुख्य ठिकाण न्यू जर्सी असेल तोवर पॉलिसी चालू राहील. मुख्य ठिकाण बदललं तर कळवा. फ्लोरिडातल्या मुक्कामासाठी वेगळी पॉलिसी ही कंपनी सध्या देत नाही. एजंटनाही फ्लोरिडाचं लायसन्स नव्हतं, म्हणजे ते हवी तेवढी मिठाई पाठवू शकत होते, तिथली पॉलिसी विकू शकत नव्हते.

मग पर्याय काय? गाडी दर वर्षी नव्वद दिवसांच्या आत परत आणायची, म्हणजे जानेवारीच्या अखेरीला आय-९५वरून बर्फात परत यायचं. त्यासाठी फ्लोरिडात घर कशाला घ्यायचं. गाडी फ्लोरिडात नोंदवायची? तर तिला फ्लोरिडाचीच पॉलिसी लागते, न्यू जर्सीची तिथं चालत नाही, आणि मग उरलेले सहा महिने फ्लोरिडाच्या नंबरपाटीची गाडी एडिसनच्या गॅरेजमध्ये झोपणार. न्यू जर्सीत मुख्यत्वे ठेवलेल्या गाडीला न्यू जर्सीचा विमा लागतो. एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात. सहा महिने भाड्याची गाडी? आकडा ऐकून नवरा हसला, मग गप्प बसला.

एक सल्ला सगळ्यांकडून फुकट मिळाला, "फ्लोरिडाचेच रहिवासी होऊन टाका." तिथं राज्याचा आयकर नाही, आणि कायमचं घर तिथं असेल तर मालमत्ता करात सूट आहे. पण न्यू जर्सीत ज्येष्ठांना मालमत्ता करात मिळणारी मदत कायमचं घर न्यू जर्सीत असेल तरच मिळते, आमचे डॉक्टर इथं, नात इथं. आणि दोन्हीकडे कायमचं घर दाखवणारे लोक असतात, त्यांना मी ओळखते, त्यांची झोप कशी लागते ते त्यांनाच ठाऊक.

त्या एप्रिलमध्ये परत येताना गाडी ऑटो ट्रेनवर घातली. अपघातानंतर मला नवऱ्याची मान तीन दिवस स्टिअरिंगमागं नको होती. फ्लोरिडात सॅनफर्डला गाडी आगगाडीच्या डब्यात चढते, आपण आपल्या डब्यात, रात्रभराचा प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियात लॉर्टनला उतरायचं. तिथून एडिसन चार-पाच तास. सॅनफर्डला गाड्या चढवण्याआधी प्रत्येक गाडीला नंबराचं मोठं चुंबकी लेबल लावतात. आमच्या रांगेतल्या पाट्या वाचत बसले. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मेरीलँड, पेन्सिल्वेनिया. प्रत्येक गाडीत पांढऱ्या केसांचं एक जोडपं. यातल्या किती जणांनी आपले नव्वद दिवस मोजले असतील असा विचार मनात आला. मीही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्यातलीच होते.

पण त्याआधी, निघायच्या दोन आठवडे आधी, आम्ही सारासोटात दुसरी गाडी घेतली. सात वर्षं जुनी, छोटी, रोख पैसे देऊन. दोन राज्यांत दोन गाड्या, प्रत्येक गाडी आपापल्या घरी झोपणार. चैन वाटेल, मलाही वाटली. पण हिशेब मांडल्यावर हाच एक पर्याय असा होता की ज्यात कुणालाही काहीही लपवावं लागत नव्हतं.

नोंदणीचं काम फ्लोरिडात मोटार वाहन खात्यात नाही, कौंटीच्या टॅक्स कलेक्टरच्या कचेरीत होतं. मी पहिल्यांदा चुकीच्या इमारतीत आलोय असं समजून बाहेर पडले होते. पहिल्यांदा नवी पाटी घेणाऱ्याला २२५ डॉलरची वेगळी फी आहे, त्याशिवाय विक्रीकर. नोंदणी दर वर्षी मालकाच्या वाढदिवसाला संपते, म्हणून गाडी माझ्या नावावर घेतली, माझा वाढदिवस डिसेंबरात, तेव्हा आम्ही तिथं असतो. एवढी एक हुशारी मी केली. पाटी फक्त मागं लागते. न्यू जर्सीची सवय असल्यानं गाडीचं पुढचं नाक उघडं दिसायला लागलं, तर नवऱ्यानं तिथं गणपतीची पाटी लावली.

कचेरीत जाण्याआधी फ्लोरिडाची पॉलिसी हातात असावी लागते. दोन कंपन्यांनी आमचं लायसन्स न्यू जर्सीचं आहे म्हणून नाही सांगितलं. तिसरीनं घेतलं. तिथल्या एजंट बाईंनी सगळ्यात स्वस्त पॉलिसी आधी दाखवली, दहा हजारांची पीआयपी, दहा हजारांचं मालमत्तेचं कव्हर, संपलं. "आणि कुणाला लागलं, कुणी दगावलं तर?" मी विचारलं. ते बहुतेक वाहनचालकांना फ्लोरिडात सक्तीचं नाही, त्या म्हणाल्या. मला दोनदा विचारावं लागलं. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीत ते कव्हर तेव्हा माणशी किमान २५ हजार आणि अपघाताला ५० हजार होतं, आणि १ जानेवारी २०२६पासून ते ३५ आणि ७० हजार झालं. फ्लोरिडात त्या जागी शून्य चालतं. म्हणजे रस्त्यावर आपल्याला धडकणाऱ्याकडे आपल्या जखमांसाठी काहीच नसू शकतं. म्हणून विमा नसलेल्या किंवा अपुरा असलेल्या चालकाविरुद्धचं कव्हर मी भरपूर घेतलं. ते नको असेल तर नको म्हणून लेखी सही द्यावी लागते. बाईंनी तो कागदही सवयीनं सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. मी बाजूला काढला. २०२१मध्ये तिथल्या विधिमंडळानं पीआयपीच काढून टाकून जखमांचं कव्हर सक्तीचं करणारं विधेयक मंजूर केलं होतं, गव्हर्नर डिसँटिस यांनी ते नाकारलं. त्यामुळे सगळं जुन्यासारखंच.

शिवाय आमची एक अम्ब्रेला पॉलिसी आहे, गाडी आणि घर दोन्हींच्या वर छत्री धरणारी. तिची अट अशी की खालच्या प्रत्येक गाडीला माणशी अडीच लाख आणि अपघाताला पाच लाखांचं कव्हर हवंच. फ्लोरिडाची गाडी किमान कव्हरवर ठेवली असती तर छत्रीला तिथंच भोक पडलं असतं, आणि ते भिजल्यावरच कळलं असतं. दोन्ही राज्यांतल्या पॉलिसींवर दोघांची नावं चालक म्हणून घातली. मुलगी अधूनमधून एडिसनची गाडी चालू करून फिरवून आणते, तेही एजंटना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, हप्ता वाढला नाही.

वाढला तो एकूण खर्च. दोन गाड्यांवर मिळणारी सवलत वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांत मिळत नाही. ज्येष्ठांसाठीचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स आम्ही दोघांनी ऑनलाइन केला, त्याची तीन वर्षांची सवलत मिळाली. कोर्समधल्या परीक्षेत नवरा पहिल्यांदा नापास झाला होता हे इथं लिहू नकोस असं त्यानं सांगितलं आहे.

मग प्रश्न आला उभ्या गाडीचा. मे ते ऑक्टोबर सारासोटाची गाडी कारपोर्टमध्ये नुसती उभी असणार. "मग हप्ता कशाचा भरायचा? बंद करून टाक," नवरा म्हणाला. मला ते पटलंही होतं. एजंट बाईंनी हात धरून थांबवलं. फ्लोरिडात पाटी गाडीवर आहे तोवर पीआयपी आणि मालमत्तेचं कव्हर चालू ठेवावंच लागतं, गाडी हलो ना हलो. विमा बंद करायचा तर आधी पाटी परत करायची. नाही केली तर लायसन्स आणि नोंदणी निलंबित, आणि सोडवायला दीडशेपासून पाचशे डॉलर. स्वस्तात जुन्या गाड्या ठेवून जाणाऱ्या कितीतरी पाखरांना नोव्हेंबरात परतल्यावर हे पाकीट दारात मिळतं, असं त्या म्हणाल्या.

उरली दोन ऐच्छिक कव्हरं. धडक बसली तर दुरुस्ती देणारं कोलिजन, आणि चोरी, आग, पूर, वादळ, झाड पडणं यासाठीचं कॉम्प्रिहेन्सिव्ह. गाडी उभी असताना कुणाला धडकणार? कोलिजन काढलं. कॉम्प्रिहेन्सिव्हही काढायला नवरा निघाला होता. त्यावर मी अडून बसले. फार काही दूरदृष्टी वगैरे नव्हती. २०२२च्या सप्टेंबरात इयन वादळ फोर्ट मायर्सजवळ कसं आलं त्याचे व्हिडिओ मी घर घेताना इतके पाहिले होते की डोक्यात पाणीच पाणी होतं. तडजोड म्हणून कपात पाचशेची हजार केली, हप्ता थोडा उतरला.

२०२४च्या ऑक्टोबरात नवरात्र चालू असताना मेक्सिकोच्या आखातात मिल्टन चक्रीवादळ तयार झालं. त्याआधी नऊ-दहाच दिवस हेलीन वादळ येऊन गेलं होतं. रविवारी मी फ्लोरिडाच्या एजंट बाईंना ईमेल केली, कपात परत पाचशे करता येईल का. सोमवारी सकाळी एका ओळीचं उत्तर आलं. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन कव्हर देणं आणि असलेलं वाढवणं थांबवतात, सिस्टिम बंद आहे, देव तुमचं भलं करो. तिच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन सिएस्टा कीला, म्हणजे सारासोटाच्या दारातच, जमिनीवर आलं. आम्ही एडिसनला टीव्हीसमोर. पुढचे दोन दिवस काही कळेना. खालच्या मजल्यावर वर्षभर राहणाऱ्या एक बाई आहेत, त्या ओरलँडोकडे निघून गेल्या होत्या. शनिवारी त्या परतल्या आणि फोटो पाठवला. त्या शनिवारी दसरा होता. मी इकडं एडिसनच्या गाडीला झेंडूची माळ घालून हळदकुंकू लावत होते, आणि फोनवर दुसरी गाडी दिसत होती, कारपोर्टचं पत्र्याचं छप्पर पांघरून झोपलेली. टप दबलेला, पुढची काच फुटलेली, गणपतीची पाटी जागेवर.

त्या बाईंनीच चारी बाजूंनी फोटो काढून दिले. क्लेम ऑनलाइन केला. काचेला कपात लागली नाही, फ्लोरिडात कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पुढच्या काचेच्या दुरुस्तीवर कपात लावता येत नाही. टपाच्या कामात आमचे हजार गेले. गॅरेजला गर्दी इतकी की गाडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. ताब्यात घेण्याआधी आदल्या दिवशी कोलिजन पुन्हा चालू करायचं माझ्या लक्षात होतं, पावतीची प्रिंट काढूनच गॅरेजवर गेले. नवरा म्हणाला, "आता तू एजंटच हो."

आमच्या दोन्ही घरांच्या फ्रिजवर एकेक कालनिर्णय लटकतं. सारासोटाच्या कालनिर्णयावर मी दोन रंगांनी खुणा करते. हिरवी आमची, कारण कराच्या हिशेबात आमचेही दिवस मोजावे लागतात. लाल खूण एडिसनची गाडी फ्लोरिडात असेल तर. गेल्या हिवाळ्यात आम्ही विमानानं गेलो, त्यामुळे लाल एकही नाही.

परवा मात्र चहा घेताना नवऱ्यानं विषय काढला. विमानानं जाताना हार्मोनियम राहते, दोन हिवाळे तिच्याविना काढायचे नाहीत. या वर्षी एडिसनची गाडी चालवत नेऊ, नाताळ झाला की तोच परत आणून ठेवेल, मुलगा येणारच आहे सुट्टीला, तो सोबत बसेल. मी एडिसनच्या कालनिर्णयावर नोव्हेंबरचं पान उलटलं आणि मोजले. जायची तारीख, यायची तारीख, एक्कावन्न दिवस.

"न्या," मी म्हटलं. "पण अहो, निघायच्या आधी एजंटना ईमेल करा. तारखा, दोन्ही पत्ते, कोण चालवणार, आणि एक्कावन्न रात्री गाडी कुठे झोपणार ते सगळं लिहा. उत्तर ईमेलवरच मागा, फोन आला तर घेऊ नका."

तो लॅपटॉप घेऊन बसला. एका बोटानं टाइप करतो, वेळ लागतो. थोड्या वेळानं मान वर करून विचारलं, "अगं, झोपणारच लिहू, की उभी राहणार?"